'संपूर्ण गुप्तता राखली जाईल'

मी इंदूरचा, राजेंद्र नगरात राहतो. पीथमपूरला गिअर बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. सकाळची शिफ्ट असली की सहाच्या आत नाक्यावर कंपनीची बस पकडायची. दारू किती प्यायचो हे लिहायला लाज वाटते, पण ते टाळलं तर पुढचं कळणार नाही. रोज एक पाव्वा, पगार झाला की दोन. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात कलालीशेजारचे अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद झाले, तेव्हा घरच्यांना वाटलं, चला, आता ह्याचं बसणं सुटेल. बसणं सुटलं खरं. पाव्वा स्कूटरच्या डिकीत आला.

सोडायची इच्छा होती. नड होती वेळेची. सरकारी ओपीडी सकाळची आणि माझी शिफ्टही बहुतेक सकाळचीच. दर आठवड्याला सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि ते एकदा सांगितलं की बसमध्ये संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक. अशात मोबाइलवर जाहिरात आली: भरती नाही, सुट्टी नाही, ९० दिवसांत दारूमुक्ती, संध्याकाळी ७ ते ९, संपूर्ण गुप्तता. खरं सांगतो, दारूमुक्तीपेक्षा मला शेवटचे दोन शब्दच जास्त भावले.

मिठाईच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ती जागा होती. भिंतीवर कुणा डॉक्टरची पदवी चौकटीत लावलेली. तो डॉक्टर मला एकदाही दिसला नाही. विचारलं की 'सर सेमिनारला गेलेत'. समोर पांढऱ्या कोटातला पंचविशीतला मुलगा. किती वर्षं पिता, सकाळी हात थरथरतात का, कधी फिट आली का, यातलं त्यानं काही विचारलं नाही. कंपनी कुठली, पगार किती, एचआरला कोण बसतं, हे मात्र नीट लिहून घेतलं. मीही भडाभडा सांगत सुटलो. वर तो म्हणाला, "भैया, टेंशन मत लो, किसी को कानोंकान खबर नहीं होगी."

पॅकेज ३६,००० चं. १२,००० आधी, बाकी ६,००० चे चार हप्ते. नेमकी तेव्हाच बायकोची भिशी लागली होती, ती तिथे गेली. पावती मी घरी येऊन पाहिली. तिच्यावर उपचार, औषध, दारू यांपैकी एकही शब्द नव्हता. 'योग व आहार मार्गदर्शन शुल्क' एवढंच. आसन मी आजवर एकही शिकलेलो नाही.

दर शनिवारी बटर पेपरच्या चौदा पुड्या मिळायच्या, सकाळ-संध्याकाळ एक. "जडीबुटी आहे, आजपासून दारू एकदम बंद." आणि बंद झालीही! हात थरथरेनात, झोप गाढ लागायला लागली. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तर माणसात आलात." पण दुपारी गेज हातात घेऊन मी उभ्या उभ्या पेंगायचो. एकदा पुडी पाण्यात टाकून पाहिली. तपकिरी भुगा वर तरंगत राहिला आणि तळाला पांढरी भुकटी बसली. कळायला हवं होतं. चमच्यानं ढवळलं आणि पिऊन टाकलं.

मग दिवाळी आली. क्लिनिक पाच दिवस बंद, पुड्या धनत्रयोदशीलाच संपल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हात इतके कापत होते की पणतीत तेल घालता येईना. पाडव्याच्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली मला स्पष्ट दिसत होती आणि मी ती चादरीनं पुसत होतो. मुंग्या नव्हत्याच. मेव्हण्यानं रिक्षा केली आणि एमवाय ह्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेलं.

लघवीच्या तपासणीत झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांचं औषध निघालं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ह्याच जातीची औषधं देतात, पण मोजून, नाव लिहून आणि रोज कमी करत. सोबत बी-१ जीवनसत्त्व. मला तीच जडीबुटीच्या नावाखाली मिळत होती, कमी न करता, किती मात्रेत ते देणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसावं. म्हणजे दारूवरून पुड्यांवर लागलो आणि दिवाळीनं पुड्या तोडल्या.

बरा झाल्यावर पैसे परत मागायला गेलो. कोटातला मुलगा हसला. दोन दिवसांनी फोन आला, आवाज वेगळा: तुमची फाइल आमच्याकडे आहे, एचआरला पाठवायची का? फाइल बंद करायचे ९,००० लागतील. मी दिले. आजही ह्याच पैशांचा सगळ्यात जास्त राग येतो, ३६,००० चा नाही. महिन्याभरात पुन्हा फोन आला, तेव्हा मात्र देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून शिफ्ट सुटल्यावर आमच्या इनचार्जना गाठलं. लोकमान्य नगरचे, मी त्यांना दादा म्हणतो. सगळं सांगितलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "अरे, दोन वर्षांपासून सकाळी तुझ्या तोंडाला वास येतो. बसमध्ये तुझ्या शेजारी कोण बसतं, बघितलंयस कधी?" कुणीच बसत नव्हतं. मी समजायचो, माझी खिडकीची जागा ठरलेली आहे.

त्यांनी मंगळवारपुरती मला दुपारची शिफ्ट लावून दिली. सकाळी ओपीडी, मग बस. चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा, दिवस सगळं लिहिलेलं असतं. मला त्याचंच अप्रूप वाटायचं. पिल्यावर उलटी-धडधड होते ती डायसल्फिरामची गोळी मी स्वतःच मागितली. आधी यकृताची तपासणी झाली, मग मला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं की ही घेतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत दारूशी भिडते, माणसाला न सांगता कधीच द्यायची नाही. 'भाजीत गुपचूप मिसळा' म्हणून बायकांना पुड्या विकतात, त्यात हेच असेल तर नवरा मरूही शकतो, हे कुणी सांगत नाही.

आणखी एक. माझ्या पगारातून दरमहा ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, १४९ रुपये कापले जातात, नंदा नगरला त्यांचं मोठं रुग्णालय आहे, आणि मी भिशी उधळून आलो. फुकट फोन करून विचारायचं तर नशामुक्तीसाठी १४४४६ आहे. गुप्ततेचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक आजारही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. जे मी विकत घेत होतो ते कायद्यानं आधीच माझं होतं.

फेब्रुवारीत एका लग्नात मी घसरलो. मंगळवारी ओपीडीत जाऊन सांगितलं. ओरडले नाहीत, तारीख लिहून घेतली.

१९१५ वर ग्राहक तक्रार केली आहे, सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही अर्ज दिलाय. पावतीवरच्या 'योग व आहार' ह्या शब्दांनी अडवलंय. त्या जिन्यावर भेटायचा असा एक ओळखीचा आहे, बँकेत असतो, त्याच्याकडूनही पैसे उकळलेत. दोघांच्या सह्या असत्या तर अर्जाला वजन आलं असतं. तो म्हणाला, माझं नाव घालू नकोस, बायकोला अजून माहीत नाही. म्हणून अर्जावर सध्या एकट्याचीच सही आहे.