हेडलाइट एक, बिल्टीवर वजन पंच्याऐंशी किलो

शेवरलेटने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, पण विकलेल्या गाड्या काही रस्त्यावरून उठल्या नाहीत. आमच्या बीड-लातूर भागात बीट, टवेरा अजून पळतात. इंजिनाचं किरकोळ सामान, फिल्टर, ब्रेकपॅड कसंबसं मिळून जातं. बॉडीचं सामान मात्र दुर्मिळ, आणि नेमक्या याच टंचाईवर काही लोकांनी धंदा मांडलाय. माझे पैसे त्यात गेले. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

माझी बीट डिझेल २०१३ ची. अंबाजोगाईहून लातूरला जाताना बर्दापूरच्या अलीकडे रात्री रोही आडवा आला. जनावर उठून उसात पळालं, गाडीचा ड्रायव्हर साइडचा हेडलाइट फुटला आणि फेंडर आत गेला. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे खर्च आपल्याच खिशातून. फेंडर मिस्त्रीने ठोकून सरळ केलं, पण हेडलाइटचे बसवायचे कानच तुटले होते. "मालक, शेवरलेटचा लाइट आता लातूरला बी भेटत नाही अन् संभाजीनगरला बी. ऑनलाइन बघा कुठं भेटला तर," असं त्याने सांगितलं. त्याचं काही चुकलं नव्हतं, मी दोन्हीकडे फोन लावून पाहिले होते.

ऑनलाइन जाहिरात सापडली. दिल्लीच्या कश्मीरी गेटचा पत्ता, 'कटिंगच्या गाड्यांचा', म्हणजे भंगारात तोडलेल्या गाड्यांचा, 'ओरिजिनल माल'. कश्मीरी गेट हा मोटारीच्या सामानाचा खरोखरचा मोठा बाजार आहे, त्यामुळे पत्ता वाचून शंका येत नाही. किंमत साडेचार हजार. स्वस्त म्हणावी अशीही नाही, आणि यातच त्याची हुशारी होती. फुकटात देतो म्हणणाऱ्यापासून आपण आपोआप लांब राहतो. वाजवी भाव सांगणाऱ्याशी बोलत बसतो.

मागितला तो पुरावा त्याने दिला. हेडलाइटचा व्हिडिओ पाठवला. पांढऱ्या फरशीवर लाइट ठेवलेला, शेजारी कागदावर पेनाने माझं नाव आणि गाडीचा नंबर. फरशीच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता, तो माझ्या लक्षात राहिला. निम्मे पैसे आधी, निम्मे बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, आल्यावर, असं ठरलं. यूपीआयवर पैसे टाकताना वर नाव आलं ते कुण्या बाईचं. विचारलं तर म्हणाला, "मुनीमजी की घरवाली का खाता है, भाईसाब, करंट अकाउंट में लिमिट का लफड़ा है." संध्याकाळी बिल आलं, दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो आला. शिक्का, सही, ट्रकचा नंबर, सगळं जागच्या जागी. उरलेले पैसेही गेले.

मग फोन आला की माल चेकपोस्टवर अडकलाय. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, नाही, अठराशे रुपये भरा, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळतील. पाठोपाठ 'जीएसटी अधिकारी' म्हणून दुसऱ्या नंबरवरून फोन. हा दुसरा माणूस मोठ्या रुबाबात इंग्रजी मिसळून बोलत होता.

आमच्या गल्लीत एक पोरगा सीएकडे आर्टिकलशिप करतो. त्याला म्हटलं, बाबा हे ई-वे बिल काय प्रकरण आहे बघ जरा. त्याने आधी किंमत विचारली आणि हसला. "काका, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल जाताना ई-वे बिल लागतं ते पन्नास हजारांच्या वरच्या मालाला. काही ठरावीक माल सोडला तर त्याखाली लागत नाही. साडेचार हजाराच्या लाइटला कोण अडवतंय?" आणि जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हाच बहुतेक राज्यांनी सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठवले, हेही त्याने सांगितलं.

मग त्याने बिल मागितलं. ते त्याने कसं वाचलं ते सांगण्यासारखं आहे. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. या बिलावर पत्ता दिल्लीचा आणि सुरुवात ०९ ने, म्हणजे उत्तर प्रदेश. पुढची दहा अक्षरं पॅन नंबरची. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं; 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी फर्म, 'पी' असेल तर एकटा माणूस. बिलाच्या डोक्यावर ठळक अक्षरात 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि पॅनमध्ये 'पी'. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून पाहता येतो. टाकला, तर तिकडच्या कुठल्याशा कापड दुकानदाराचं नाव आलं. त्या बिचाऱ्याला आपला नंबर कुठे कुठे फिरतोय याचा पत्ताही नसेल.

बिल्टी तर त्याहून मजेशीर. नग एक, माल 'ऑटो पार्ट', वजन ८५ किलो. एवढ्या वजनात हेडलाइट सोडा, अख्खं गिअरबॉक्स येईल. दुसऱ्याच कुणाच्या मालाची बिल्टी होती. माझं नाव आणि गाव तेवढं वरून बसवलेलं, तेही जरा वेगळ्या अक्षरात. बिल्टीवर ट्रान्सपोर्टचा फोन होता तो त्याच टोळीचा. ऑफिसचा नंबर वेगळा शोधून लावला तर त्यांनी असा बिल्टी नंबरच नसल्याचं सांगितलं.

या विकणाऱ्याने कागद कमी दिले नाहीत, उलट न मागता दिले. बिल आलं की आपला जीव भांड्यात पडतो आणि ते वाचायचं राहून जातं. त्यामुळे पैसे टाकायच्या आधी बिल मागा आणि नंबर पोर्टलवर टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. लाइटवरच्या स्टिकरचा, पार्ट नंबर वाचता येईल असा फोटो मागा. दोन्ही बाजूंच्या लाइटचे नंबर वेगळे असतात. फोटोच नुसता उचललेला असेल तर समोरचा तिथे गडबडतो. यूपीआयवर दुकानाऐवजी भलत्याचं नाव आलं तर तिथेच थांबा, मग तो मुनीमजी असो नाहीतर त्याची घरवाली.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, भांडण नंतर. समोरच्याच्या खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंत ती रोखता येते, त्यामुळे उशीर महाग पडतो. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, तो विचारतातच. माझा पहिला हप्ता तोवर निघून गेला होता. दुसऱ्यातली थोडी रक्कम खात्यात अडकून पडली आहे, ती सोडवून घ्यायचं काम चालू आहे. त्या 'अधिकाऱ्या'चे अठराशे मात्र वाचले.

गाडीचं म्हणाल तर मिस्त्रीने शेवटी जुनाच लाइट उघडला. गरम करून काच सोडवली, कान प्लास्टिक वेल्डिंगने जोडले आणि कडेने नवा गम भरला. पावसाळ्यात आत वाफ धरते, पण उजेड सरळ पडतो.

तो माणूस अजून धंद्यात आहे. परवा दुसऱ्याच नावाने एक जाहिरात दिसली, टवेराचा डॅशबोर्ड, गाव इंदूर. फरशी तीच, कोपऱ्याचा टवका उडालेली.