दोन लाखांच्या आत-बाहेर: जळगावचा सराफ बाजार

जळगावच्या सराफ बाजारात सोनं कसं मिळतं, यावर नव्याने लिहिण्यासारखं फार नाही. चोख मिळतं, म्हणूनच रावेर-यावलपासून नंदुरबारपर्यंतची माणसं लग्नाचा बस्ता बांधला की सुभाष चौकाची वाट धरतात. बघायला हवा तो गल्ला. केळीचा किंवा कपाशीचा पैसा रोख घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तिथे काय सांगितलं जातं, कोणता कागद हातात दिला जातो, यात दुकाना-दुकानांत मोठा फरक आहे.

मालाचं आधी उरकू. दागिन्यावर तीन खुणा हव्यात: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, 22के916 हा शुद्धतेचा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतःचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही, भिंग मागायचं. बऱ्या दुकानात ते काउंटरवरच असतं. मोबाइलवर बीआयएस केअर अ‍ॅप उघडून नंबर टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात पाटली आणि अ‍ॅपमध्ये अंगठी असं दिसलं, तर तो नग तिथेच बाजूला ठेवायचा. जोडीतल्या दोन पाटल्यांचे नंबर वेगवेगळे असतात. लोक एकीचा तपासतात आणि दुसरी तशीच पिशवीत जाते. पोत घेताना काळे मणी सोन्यात तोलले गेले नाहीत ना, हे बिलातल्या एकूण आणि निव्वळ वजनावरून कळतं. दोन्ही आकडे नसतील तर बिल बदलून मागायचं.

आता हिशेब. सोपं जावं म्हणून 22 कॅरेटचा भाव तोळ्याला, म्हणजे इथल्या रिवाजाने 10 ग्रॅमला, 1 लाख धरू. मिळून 30 ग्रॅमच्या दोन पाटल्या म्हणजे 3 लाख. मजुरी 10 टक्के धरली तर 30 हजार. या 3 लाख 30 हजारांवर 3 टक्के जीएसटी, म्हणजे 9,900. हॉलमार्कचे नगाला 45 रुपये आणि त्यावर जीएसटी. एकूण सुमारे 3 लाख 40 हजार. घासाघीस मजुरीवर होते, भावावर नाही, आणि जळगावात ती मोकळेपणाने होते. ही या बाजाराची खरी जमेची बाजू. मोड, म्हणजे जुनं सोनं, घालून नवा दागिना घेताना मात्र जीएसटी फरकाच्या रकमेवर नाही, नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो. यावरून काउंटरवर रोज वाद होतात आणि त्यात दुकानदार बरोबर असतो.

हे 3 लाख 40 हजार द्यायचे कसे, इथून परीक्षा सुरू होते. एप्रिल 2017 पासून एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका प्रसंगापोटी 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर जेवढी रोख घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला. म्हणजे 1 लाख 99 हजार रोख आणि उरलेले 1 लाख 41 हजार बँकेतून, हे चालतं. उरलेली रक्कम एनईएफटीने पाठवायची. आरटीजीएस 2 लाखांच्या खाली होत नाही. पॅन मात्र लागतोच, कारण 2 लाखांवरच्या खरेदीला तो 2016 पासून सक्तीचा आहे, पैसे कसेही द्या.

बाजारातली वाईट सवय इथेच दिसते. ‘दादा, तीन बिलं करू, एक तुमच्या नावाने, एक वहिनींच्या, एक भावाच्या,’ असं काही ठिकाणी इतक्या सहज सांगतात की तो नियमच वाटावा. लग्नाची खरेदी तीन दिवसांत तीन बिलांनी केली तरी प्रसंग एकच. शिवाय पाटल्या एकीच्या हातात आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, म्हणजे चोरीची फिर्याद देताना, विम्याचा दावा करताना आणि पुढे मोड विकताना खरेदीची किंमत दाखवायची वेळ आली की तो कागद कामाचा नाही. कच्च्या चिठ्ठीवरच्या, म्हणजे बिलाशिवायच्या, खरेदीचं तर सोडूनच द्या. जीएसटीचे दहा हजार वाचले म्हणून खूश होणाऱ्याला पुढे त्या सोन्याचा मालक म्हणून स्वतःला सिद्ध करता येत नाही.

पॅन मागितला, पैसा कुठला असं विचारलं की ‘आम्ही काय चोर आहोत का, एवढं विचारता?’ हे गिऱ्हाइकाचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण विचारलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण बल्गेरियाचं आहे. एवेलिन बानेव्ह हा तिथला माजी पैलवान, पुढे बडा उद्योजक म्हणून वावरला आणि कोकेनच्या तस्करीत व काळा पैसा पांढरा करण्यात अडकला. 2021 मध्ये तो युक्रेनमध्ये पकडला गेला. त्याच्या टोळीचा पैसा सुटकेसमधून रोखीने क्रेडिट स्विस या स्विस बँकेत येत होता, असं स्वित्झर्लंडच्या सरकारी वकिलांचं म्हणणं. जून 2022 मध्ये तिथल्या न्यायालयाने क्रेडिट स्विस बँकेला 20 लाख फ्रँकचा दंड केला. अपिलात बँक पुढे सुटली, पण मधली वर्षं कोर्टात गेली. पैसा कुठला, हे गल्ल्यावर पटेल असं विचारलं गेलं नाही, हाच आरोपाचा गाभा होता.

आपल्याकडे डिसेंबर 2020 पासून सोन्या-जवाहिराचे व्यापारी मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आले: 10 लाख किंवा त्यावरच्या रोख व्यवहाराची नोंद आणि ओळखपत्रं ठेवायची. 2 लाखांवर रोख घेताच येत नाही तर 10 लाखांचा नियम कुणासाठी, असा खोचक प्रश्न बाजारात विचारतात. बरोबरच आहे, पण जोडून केलेले छोटे व्यवहारही त्यात एकत्र मोजले जातात, तीन बिलांची युक्ती म्हणूनही अंगाशी येते. शेतकऱ्याला सातबारा विचारण्यामागेही कारण आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून दोन नंबरचा पैसा ‘केळीचा आहे’ म्हणून खपवायला सोपा.

खरा केळीचा पैसा दाखवणं अवघड नसतं, फक्त गाडी भरतानाच काळजी घ्यायची. 150 क्विंटलची गाडी, भाव 1,500 धरला तर 2 लाख 25 हजार झाले. एकाच गाडीत मर्यादा ओलांडली. व्यापाऱ्याने ते दोन उचलींत रोख दिले तरी व्यवहार एकच, आणि इथे रोख घेणारा शेतकरी आहे, दंडही त्याच्याकडेच येईल. अशा गाडीचे पैसे खात्यावरच घ्यायचे. काट्याची पावती आणि व्यापाऱ्याची हिशोबपट्टी जपून ठेवायची. सातबारा वडिलांच्या नावावर आणि पॅन मुलाचा असेल, तर वडिलांच्या खात्याचा चेक आणि वडिलांचाच पॅन. निम्मे गोंधळ इथे मिटतात. सराफ हे कागद मागत नसेल तर त्याला दाखवायची गरज नाही, पण घरी फाइल असावी.

एकूण मत: मोठ्या खरेदीला जळगावच. अंगठी सैल करणं, पोत ओवणं, डाग देणं यासाठी तालुक्याचा ओळखीचा सराफ बरा, तो चहाही पाजतो. जळगावात दुकान निवडताना मजुरीचा टक्का शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, ‘रोख किती घ्याल?’ ‘दोन लाखांच्या आत, बाकी बँकेतून, पॅन द्या’ असं न अडखळता सांगणारं दुकान इतरांपेक्षा एखादा टक्का महाग असलं तरी तिथेच घ्यावं. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे उत्तर आलं तर पुढच्या दुकानात.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खरेदी करायचीच असेल तर नग आठवडाभर आधी निवडून, नंबर तपासून, भाव बांधून ठेवायचा. रोख दिलेला विसारही त्याच 2 लाखांत मोजला जातो, तो पावतीवर तारखेसह लिहून घ्यायचा. सणाच्या दिवशी गर्दीत भिंग सापडत नाही आणि अ‍ॅप उघडायला कुणी थांबू देत नाही.