स्टीव्ह राइशचं ‘डब्ल्यूटीसी ९/११’ : काही महिने ऐकल्यानंतर

पहिल्यांदा ऐकल्यावर वाटलं होतं, हे पुन्हा लावायची आपली हिंमत होणार नाही. आता कित्येक महिने ऐकतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकन संगीतकार राइशने न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर ११ सप्टेंबर २००१ ला झालेल्या हल्ल्याबद्दलची ही रचना २०१० मध्ये क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चमूसाठी केली. तीन भाग, मिळून जेमतेम साडेपंधरा मिनिटं. ऐकू येतात तीन स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे प्रत्येकी दोन व्हायोलिन, एक व्हायोला (थोडं खालच्या सुराचं व्हायोलिन) आणि एक चेलो. त्यातलं एक मंचावर वाजतं, दोन आधीच ध्वनिमुद्रित केलेली असतात, आणि त्यात मिसळलेले माणसांचे खरे आवाज. सुरुवात फोनच्या बीपने होते. लँडलाइनचा रिसीव्हर नीट ठेवला नसला की वाजायचा तो कर्कश इशारा. पहिलं व्हायोलिन नेमका तोच स्वर पकडतं आणि बाकीची वाद्यं त्याला बोचत राहतात. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला एकच स्वर लागून राहणं ओळखीचं असतं, पण या स्वराने बसल्या जागी चुळबुळ सुरू होते.

पहिल्या भागात हवाई नियंत्रण कक्षातली आणि अग्निशमन दलाची त्या दिवशीची खरी संभाषणं आहेत. विमान भलत्याच दिशेला चाललंय हे कळतानाचे आवाज. सुरुवातीला याच भागाने मला हादरवलं होतं. पण खरं सांगायचं तर महिन्याभरात तो धक्का बोथट झाला. पुढे काय येणार हे कानाला पाठ झालं.

दुसऱ्या भागाचं मात्र उलट झालं. त्यात राइशचे मित्र आणि शेजारी नऊ वर्षांनंतर त्या सकाळबद्दल बोलतात. राइशचं घर जुळ्या मनोऱ्यांपासून चार ब्लॉकवर. त्या दिवशी तो स्वतः व्हरमाँटमध्ये होता आणि घरात मुलगा, सून, नात. फोनची लाइन सहा तास चालू ठेवली होती. शेवटी शेजाऱ्यांनी आपल्या कुटुंबाबरोबर यांनाही गाडीत घालून शहराबाहेर काढलं. हे वाचल्यावर तो बीप मला वेगळाच ऐकू यायला लागला आणि दुसऱ्या भागातले साधे, न चढलेले आवाजही. कुणी वर्गात बसलेलं होतं, कुणी रस्त्यावर होतं. एवढंच सांगतात, पण दर वेळी त्यात काहीतरी नवं सापडतं.

बोलणाऱ्याचं वाक्य संपलं तरी शेवटच्या शब्दातला एखादा ध्वनी राइश संपू देत नाही. तो लांबत राहतो, त्यावरच पुढचा माणूस बोलू लागतो आणि तंतुवाद्यं तो लांबलेला आवाज उचलून धरतात. सातव्या-आठव्या सेकंदाला आवाज कुठे संपला आणि व्हायोला कुठून सुरू झाला हे सांगता येत नाही. मला या रचनेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. एकाचं बोलणं दुसऱ्याने खाली पडू द्यायचं नाही.

तिसऱ्या भागात ज्यू परंपरेतली ‘श्मिरा’ येते : दफन होईपर्यंत मृतदेहाजवळ कुणीतरी बसून स्तोत्रं म्हणायची. एरवी हे काम थोडक्या वेळाचं. इथे अवशेषांची ओळख पटवण्यातच महिने गेले आणि मॅनहॅटनच्या पूर्वेकडे, ते ठेवलेल्या तंबूंपाशी, अनोळखी मृतांसाठी स्वयंसेवक आळीपाळीने बसत राहिले. दुसरीकडे कुठेतरी अशीच श्मिरा केलेली एक चेलोवादक आहे. तिचा गाणारा आवाज इथे आहे, खाली चेलो चालू असताना.

आता वापरातल्या गोष्टी. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, चेलो गायब होतो आणि नुसती बीपच उरते. इंग्रजी उच्चार पटकन कळत नसतील तर पहिल्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. गाडी चालवताना अजिबात नको. नॉनसच या रेकॉर्ड कंपनीच्या २०११ च्या अल्बममध्ये यानंतर लगेच राइशचंच ‘मॅलेट क्वार्टेट’ सुरू होतं, मरिंबा आणि व्हायब्राफोन या काठ्यांनी वाजवायच्या वाद्यांचं. छान आहे, पण त्या क्षणी नको वाटतं, म्हणून ऑटोप्ले बंद ठेवा. अल्बमचं पहिलं मुखपृष्ठ, मनोऱ्याकडे येणाऱ्या विमानाचं, लोकांच्या नाराजीनंतर बदललं गेलं. बदललं ते बरंच झालं. संगीतात इतका संयम असताना वर तो फोटो शोभला नसता.

तक्रार एकच : पहिला भाग दुसऱ्याइतका टिकत नाही. राइशचंच १९८८ चं ‘डिफरंट ट्रेन्स’ आधी ऐकलेलं असेल तर बोलण्यातून सूर काढायची त्याची पद्धत लवकर उमगते. माझ्या मते तेच आधी ऐका, आणि हे दुसऱ्या दिवशी.