भाडेपट्टा मागावा की 11 महिन्यांच्या करारावर भागवावे?

पालिकेची बंद पडलेली शाळाखोली किंवा समाजमंदिर चालवायला घ्यायचे तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, बैठकीत ठरते आणि लगेच दोन तट पडतात. एकाला लांब मुदतीचा भाडेपट्टा हवा असतो. दुसरा म्हणतो, 11 महिन्यांचा करार करून आधी आत तरी शिरूया. कोल्हापुरात पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेसाठी आम्ही आधी करार केला, नंतर पट्टा. धर्मादाय नोंदणी, ऑडिट आणि मंडळाचा ठराव दोन्हीकडे लागतातच, ते सोडून देतो.

करार सुटसुटीत, यात वाद नाही. हा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसती वापराची परवानगी; त्याने जागेत तुमचा हक्क तयार होत नाही, म्हणून देणाऱ्यालाही धास्ती नसते. पोरं नोकरीधंद्याला पांगली तर चावी परत देऊन मोकळे. गणपतीचे साहित्य ठेवायला किंवा शिवणवर्गाला जागा हवी असेल, तर पट्ट्याच्या भानगडीत पडूच नका.

पट्ट्याला वेळ लागतो. महापालिका अधिनियमाचे कलम 79 (पालिकेची मालमत्ता दुसऱ्याला देण्याचे), मूल्यांकन, सभागृहाची मंजुरी अशी ती वाट आहे. कोल्हापुरात नोव्हेंबर 2020 ला नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकांकडे होता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो, मुद्रांक शुल्क वेगळे. 2019 च्या नियमांपासून नूतनीकरणाचे भाडे बाजारमूल्याशी बांधले गेले आहे; पेठेतला रेडीरेकनर (जागेचा सरकारी दर) बघून आमच्या खजिनदारांनी चष्मा काढून पुसला होता. घरफाळा (मालमत्ता कर) आणि दुरुस्तीही बहुधा तुमच्याच गळ्यात येते. पंचगंगेच्या पूररेषेजवळची इमारत असेल तर हा खर्च हलक्यात घेऊ नका.

एवढे असून आम्ही पट्ट्याकडे वळलो, ते मीटरपायी.

करारावर होतो तेव्हा विजेचे मीटर जागेच्या मालकाच्या नावावर. बिल आम्हीच ऑनलाइन भरायचो, त्याचा त्रास नव्हता. त्रास होता वाढीव लोडचा, म्हणजे मंजूर वीजभाराचा. स्पर्धा परीक्षेची पोरं संध्याकाळी बसायला लागली, दोन कॉम्प्युटर आले आणि एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) पडायला लागला. लोड वाढवायचा अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्यानेच करायचा. विचारायला गेलो तर उत्तर आले, करार संपत आलाय, आधी नूतनीकरण करून घ्या. नूतनीकरण झाले तोवर साहेब बदललेले. फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर. भर एप्रिलमध्ये आमच्या बोर्डावर चिठ्ठी होती: ‘कॉम्प्युटर लावताना पंखा बंद करावा.’ पंख्याखालची पोरं आणि कॉम्प्युटरवरची पोरं यांच्यात रोज जुंपायची, ती सोडवायला मंडळाचा एक माणूस बसवावा लागला. खोलीत एक खिळा ठोकायचा तरी ‘पुढच्या वर्षी आपण असू का?’ हा प्रश्न आधी यायचा.

पट्ट्यात आम्ही वीजजोडणीचे कलम घालून घेतले. नोंदवलेला दस्त जोडून मंडळाच्या नावाने अर्ज केला, हवा तेवढा लोड मागितला. मग देणगी देणारेही पुढे आले, कारण पंखा-कपाट वर्षभरात कुणी उचलायला लावणार नाही याची त्यांना खात्री वाटली.

आमचा अनुभव एका अभ्यासिकेपुरता आहे. तुमच्याकडचा अधिकारी हौशी असेल तर करारावरही निभावेल. तरी पोरं रोज येऊन बसणार असतील तर मी पट्टाच मागेन, मुदत कमी मिळाली तरी चालेल. मसुदा वकिलाला दाखवताना भाड्याच्या आकड्याआधी वीजजोडणी आणि छपराची दुरुस्ती ही दोन कलमे वाचून घ्या.