उंदीर उचलायची नळी – ८ महिने रोज वापरून लिहितेय

आमच्या अ‍ॅनिमल हाऊसला, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतो तिथे, गेल्या वर्षी पॉलिकार्बोनेटच्या हँडलिंग टनेल घेतल्या. साधारण १३ सेंमी लांब, ५ सेंमी व्यास, पारदर्शक, दोन्ही टोकं उघडी, बास एवढंच प्रॉडक्ट आहे. प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्याला एवढे पैसे कशाला असं आमच्याकडेही झालंच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कोणाला परचेस कमिटीसमोर बोलायला उपयोग होईल.

मी पीएचडी करतेय, काम एन्झायटीवरच्या औषधांवर आणि उंदीर सी५७ब्लॅक६ या लॅबमधल्या नेहमीच्या काळ्या जातीचे. पहिली दोन वर्षं आम्ही सगळे शेपटीलाच धरून उचलायचो, मलाही तसंच शिकवलं होतं आणि ते चूक आहे असं कधी डोक्यातही आलं नाही. उंदीर उलटा लटकला की पाय ताणून हवेत काहीतरी धरायला बघायचा, टेबलावर ठेवला की खाली मुताचा थेंब आणि दोन-तीन लेंड्या ठरलेल्या. केजचं झाकण उघडलं की पाचही जण कोपऱ्यात एकमेकांच्या अंगाखाली घुसायचे. मग त्याच घाबरलेल्या जिवाला मी एलिव्हेटेड प्लस मेझवर सोडायचे, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखं उंच टेबल, दोन फाटे भिंतीचे आणि दोन उघडे, आणि तो उघड्या फाट्यावर किती वेळ जातो ते मोजायचे. औषध न दिलेले उंदीर पण भिंतीला चिकटून बसायचे आणि आकडे इतके वरखाली की काही अर्थच लागेना.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. लिव्हरपूल युनिव्हर्सिटीच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० मधेच दाखवलंय की शेपटीला धरून उचललेले उंदीर माणसाच्या हातापासून लांब राहतात आणि टेस्टमधे जास्त घाबरलेले दिसतात, नळीतून किंवा ओंजळीत उचललेले मात्र स्वतःहून जवळ येतात. पेपर मी वाचलेला होता, पण नळ्या हातात येईपर्यंत पटलं नव्हतं हे खरं.

वापरायची पद्धत सोपी आहे. नळी केजच्या भिंतीला लागून आडवी ठेवायची, दुसऱ्या हाताने उंदराला हळूच तिकडे वळवायचं, आत गेला की दोन्ही तोंडांवर तळवे धरायचे आणि आडवीच उचलायची. आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमधे उंदरांची देखभाल करणाऱ्या मामांची यात २० वर्षं गेलीयत, ते पहिल्या दिवशी म्हणाले "मॅडम, शंभर केज बदलायच्यात, एवढा वेळ कुठाय". पहिला आठवडा खरंच वेळ लागला. दुसऱ्या आठवड्यात उंदीरच नळी दिसली की आत शिरायला लागले, आणि एक दिवस एक मादी नळीच्या तोंडाशी येऊन मिशा हलवत मामांच्या ग्लोव्हजचा वास घेत बसली, पळालीच नाही. मामांनी मला हाक मारून ते दाखवलं. आता केज बदलताना त्यांना नळीशिवाय होत नाही. रोज तासभर सवय लावायची गरज नसते हे पण सांगते, केज बदलताना दोन-चार सेकंद नळीतून नेलं तरी पुरतं.

इंजेक्शनच्या वेळी मानेच्या कातडीला धरावं लागतंच, त्याला नळी हा पर्याय नाही. पण तिथपर्यंत उंदीर शांत येतो आणि इंजेक्शन झाल्यावर दुसऱ्या दिवशी पण नळीत येतो. मेझचे आकडे पण आमच्याकडे बरेच एकसारखे यायला लागले. एथिक्स कमिटीच्या फॉर्म बी मधे, म्हणजे प्राण्यांवर प्रयोगाची परवानगी मागायच्या अर्जात, आपण इतके प्राणी कशाला हवेत ते लिहितो ना, तिथे याचा थेट संबंध आहे, आकडे कमी विखुरले तर ग्रुपमधे उंदीर कमी लागतात. ज्या जिवावर प्रयोग करतोय त्याला निदान उचलताना तरी भीती वाटू नये असं मला मनापासून वाटतं, आणि ते इतक्या साध्या गोष्टीने जमत असेल तर न करायला कारणच नाही.

आता तक्रारी. सप्लायरने सहा आठवडे उशीर केला, चार नळ्यांच्या कडा घासलेल्याच नव्हत्या, बोटाला लागत होत्या, बदलून द्यायला अजून महिना. दुसरं म्हणजे पॉलिकार्बोनेट ऑटोक्लेव्हमधे (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) चालतं पण सारखं १२१ डिग्रीला घातलं की धुरकट होतं आणि बारीक तडे जातात, आमच्या सहा नळ्या त्यातच गेल्या. आणि कडक डिटर्जंट अजिबात नको. १९९८ मधे अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या लॅबमधे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून भलत्याच डिटर्जंटने धुतले गेले, त्यातून बिस्फेनॉल ए (हे प्लास्टिक ज्यापासून बनतं ते रसायन) झिरपलं आणि कंट्रोलच्या, म्हणजे नुसत्या तुलनेसाठी ठेवलेल्या, माद्यांच्या अंड्यांमधे क्रोमोझोमचे घोळ दिसायला लागले, सगळा प्रयोग त्यात अडकला. त्यामुळे धुरकट झालेली नळी सरळ फेकायची, जीव अडकवायचा नाही.

बजेट नसेल तर पुठ्ठ्याची जाड नळी पण चालते, आम्ही तीन केजना तीच ठेवलीय, कुरतडतात म्हणून दर केज चेंजला बदलावी लागते आणि आतला उंदीर दिसत नाही एवढंच. ५ पैकी ४, एक मार्क कडांचा आणि उशिराचा कापला. घेताना प्रत्येक केजला एक या हिशोबाने घ्या आणि ती आतच राहू द्या, एकच नळी सगळीकडे फिरवली तर दुसऱ्या नरांचा वास लागतो आणि आत जायला कुरकुर करतात.