अंकी: रसायनशास्त्राला फक्कड, गणिताला जरा जपून

‘मेंदूविज्ञानावर आधारित’ असा शिक्का मारलेली शिक्षणाची अ‍ॅप्स ढिगाने मिळतात. अंकी हे कार्डांचं अ‍ॅप (कार्डावर पुढे प्रश्न, मागे उत्तर) त्यांच्यापुढे अगदीच ओबडधोबड दिसतं आणि करतं एकच काम: विसरायच्या बेतात असलेलं कार्ड नेमकं तेव्हाच पुन्हा विचारतं. आधार मात्र पक्का आहे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विस्मरणाचा आलेख १८८५ मध्येच मांडला होता. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. मार्करने पुस्तक रंगवणाऱ्यांना हे पटायला जड जातं.

अकरावी-बारावी सायन्सला रसायनशास्त्रासाठी याला तोड नाही, पण कार्ड नीट हवं. ‘डी-ब्लॉकच्या आयनांचे रंग लिहा’ हे वाईट कार्ड. उत्तर बघून झालं की ते कितपत आठवलं त्याचं बटण दाबायचं असतं; आठ रंगांपैकी सहा आले तर कोणतं दाबायचं? एका वेळी मनात मोजक्याच गोष्टी मावतात, म्हणून एका कार्डावर एकच प्रश्न ठेवा: ‘निकेल दोन प्लस, पाण्यात?’ हिरवा. ‘झिंक दोन प्लस रंगहीन का?’ डी कक्षिका पूर्ण भरलेली, डी-डी संक्रमणाला वावच नाही. असे ‘का’ विचारणारे प्रश्न घातले नाहीत तर नुसती घोकंपट्टी उरते. समीकरणांसाठी संगणकावर कंट्रोल-एम दाबून मग सी दाबा. रासायनिक सूत्रं नीट उमटतात. जीवशास्त्रात नेफ्रॉनच्या आकृतीवरची नावं झाकायला ‘इमेज ऑक्लूजन’ २०२३ पासून अ‍ॅपमध्येच आहे.

गणितात गडबड होते. तेच गणित, तेच आकडे चौथ्यांदा समोर आले की मूल गणित सोडवत नाही, प्रश्नाचा तोंडवळा ओळखून उत्तर सांगतं. अ‍ॅपमधली आकडेवारी झकास दिसते आणि पेपरात हात अडतो. म्हणून कार्डावर अख्खं गणित नको, निर्णय विचारा: ‘लॉग एक्सचं इंटिग्रेशन: पद्धत कोणती, दुसरं फंक्शन काय घ्याल?’ उत्तर: बाय पार्ट्स, दुसरं फंक्शन १. पुढचं सोडवणं वहीत, रोज वेगळ्या गणितावर. प्रकरणागणिक वेगळे डेक (कार्डांचे गठ्ठे) करू नका. सबस्टिट्यूशन, पार्शल फ्रॅक्शन, बाय पार्ट्स सगळं एकत्र येऊ द्या, कारण परीक्षेत प्रश्नावर प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं.

सेटिंगमध्ये बघण्यासारखं थोडंच आहे. डेक ऑप्शन्समध्ये एफएसआरएस (कार्ड पुन्हा कधी विचारायचं ते ठरवणारी पद्धत) चालू करा. लक्षात राहण्याचं लक्ष्य मुळात ९० टक्के असतं, तेच राहू द्या. हौसेने ९७ केलंत तर उजळणीचा डोंगर होतो. रोजची नवी कार्डं मुळात २० असतात, ती ८-१० वर आणा. आजचं प्रत्येक नवं कार्ड पुढे अनेकदा परत येतं आणि युनिट टेस्टच्या आठवड्यात थकबाकी अंगावर येते. अ‍ॅप सोडणारे बहुतेक इथेच सोडतात.

आणखी एक घोळ ‘हार्ड’ बटणाचा. ‘आठवलं, पण ओढाताण करून’ एवढाच त्याचा अर्थ. उत्तर आलंच नसेल तर ‘अगेन’ दाबायचं. तिथे ‘हार्ड’ दाबलं की अ‍ॅप ते आठवलं असं धरतं आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. आठ वेळा चुकलेल्या कार्डावर ‘लीच’ अशी खूण आपोआप पडते; ते तोडून दोन करा.

दुसऱ्यांचे तयार डेक उतरवून घेण्यात फारसा अर्थ नाही. कार्ड बनवताना काय महत्त्वाचं हे ठरवावं लागतं, तिथेच निम्मा अभ्यास होतो.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर एकदाच पण सणसणीत किंमत. अँड्रॉइडवर ‘अंकीड्रॉइड’च घ्या, मिळत्याजुळत्या नावांची दुसरी अ‍ॅप्स आहेत, त्यांचा याच्याशी संबंध नाही. आणि पहिलं सिंक करताना फोन आणि संगणक दोन्हीकडे वेगवेगळी कार्डं असतील, तर अ‍ॅप एकच बाजू ठेवायला सांगतं, दुसरी पुसली जाते. त्याआधी डेक एक्सपोर्ट करून ठेवा.