‘मीटर पेटणार बघा मावशी’ म्हणत घरात शिरणाऱ्यांपासून सावध

‘आज रात्री साडेनऊला तुमची लाइट कापली जाईल’ हा मेसेज आता सगळ्यांना पाठ झालाय. त्याला फारसं कोणी फसत नाही. हा दुसरा प्रकार मात्र चालत घरी येतो, खिशात टेस्टर असतो आणि तो जे दाखवतो त्यातलं निम्मं खरं असतं. म्हणूनच तो जास्त वाईट.

मिरजेला आई एकटी राहते. गेल्या उन्हाळ्यात घरात एसी बसला, गीझर आधीपासून होताच. काही दिवसांनी जिन्याखालच्या मीटरपेटीतून प्लास्टिक जळल्यासारखा वास यायला लागला. संध्याकाळी एसी लावला की दिवे मंद-तेज व्हायचे. शेजारच्या गल्लीत काम करत असलेला एक इलेक्ट्रिशियन आपणहून पेटीत डोकावला. मीटरच्या खालचं झाकण तपकिरी पडून एका कोपऱ्यात फुगलं होतं, न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या) वायरवरचं कव्हर बोटभर मागे सरकून कडक झालं होतं. आईला त्याने हे टॉर्च मारून दाखवलं. इथवर त्याचं सगळं बरोबर होतं.

मग म्हणाला, “मावशी, हे आज-उद्या पेटणार बघा. आणि बोर्डाला कळलं तर म्हणतील तुम्हीच मीटर खालीवर केलंय. चाळीस हजार दंड, वर केस.”

आई म्हणाली, “मग वायरमनलाच बोलावते की.”

“तो आला की आधी पंचनामा करणार. मी आतल्या आत करून देतो, साहेबांचं मी बघतो.”

या धंद्याची किल्ली म्हणजे हे वाक्य. बिघाड साधा असतो, भीती दंडाची घातली जाते. एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईला आगीपेक्षा पोलिसांची धास्ती जास्त, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने एकूण 14,500 रुपये नेले. 4,500 यूपीआयने, बाकी रोख. त्यात ‘कॉपरची’ नवी वायर आली, ‘साहेबांचे’ आले आणि मेन स्विचजवळ लावायचा ‘हीट प्रोटेक्टर’ नावाचा डबाही आला. पावती नाही.

पुढे वास परत सुरू झाला तेव्हा शेजारच्या काकांनी वीज कंपनीच्या 1912 या तक्रार क्रमांकावर फोन केला. वायरमन आला, त्याने खांबावरून लाइन बंद केली आणि झाकण उघडण्याआधीच विचारलं, “आजी, सील कुणी तोडलं?” खऱ्या सीलवर नंबर असतो. इथे नुसता प्लास्टिकचा टाय अडकवलेला. आत बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल तसाच ढिला होता, वर काळी टेप गच्च गुंडाळलेली. म्हणजे ज्या जागेसाठी पैसे घेतले तिथला स्क्रू आवळलाच नव्हता, वरून तिथली उष्णता कोंडून ठेवली होती.

मी पुण्याहून गेलो तेव्हा कोपऱ्यात त्या वायरचा तुकडा पडला होता. सुरीने खरवडला. तांब्याचा मुलामा निघाला, आत पांढरं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रोध (विजेला होणारा अडथळा) तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे त्याच जाडीची ही वायर मुळात जास्तच तापणार. वजनावरूनही कळतं. अस्सल तांब्याची वायर हातात जड लागते, ॲल्युमिनियम तिच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही भरत नाही. वायरवर आयएसआयचा शिक्का होता, पण सीएम/एलपुढचा लायसन्स नंबर नव्हता. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून कोणालाही तपासता येतो. आणि तो ‘हीट प्रोटेक्टर’? उघडला तर एक कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा छोटा भाग) आणि एक हिरवा एलईडी. हेच डबे ‘पॉवर सेव्हर’ म्हणूनही विकतात. घरगुती बिल युनिटवर येतं, त्यात कपॅसिटरने काही फरक पडत नाही, आणि ढिल्या जोडाचं तर तो काहीच करू शकत नाही.

मीटर का तापतो हे कळलं की अशा माणसाची निम्मी जादू तिथेच उतरते. सर्व्हिस वायर बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची असते. ते तापलं की पसरतं, निवलं की आकसतं, स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, त्यातून वीज नीट जात नाही. अशा जोडाचा रोध ओहमचा दहावा भाग जरी झाला आणि 20 अँपियर वाहिले, तरी त्या एका टोकावर 40 वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री एवढ्यावरच शिसं वितळवते. आणि 20 अँपियर व्हायला काय लागतं? दीड टनाचा एसी साधारण आठ, 2 किलोवॅटचा गीझर जवळपास नऊ, वर कपड्यांची इस्त्री. आणि साध्या पीव्हीसी (प्लास्टिक) कव्हरच्या वायरची तापमानाची मर्यादा 70 अंश.

एमसीबी (मेनजवळचा आपोआप बंद होणारा स्विच) का पडला नाही, असं आई विचारत होती. एमसीबी जास्त करंट झाला की पडतो. ढिल्या जोडात करंट नेहमीचाच असतो, फक्त तो जोड तापतो. त्यामुळे एमसीबीवर विसंबून ‘पडला नाही म्हणजे ठीक’ असं समजू नये.

वास आला तर एसी, गीझर बंद करा, मेन स्विच बंद करा आणि 1912 वर ‘मीटर टर्मिनल जळतंय’ असं स्पष्ट सांगून तक्रार क्रमांक घ्या. पेटीला हात नको: मेन बंद केला तरी खांबावरून मीटरमध्ये येणारी वायर जिवंतच राहते. सीलच्या आतलं काम वीज कंपनीचं, खासगी माणसाने तिथे हात घालायचाच नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 138 मध्ये मीटरशी बेकायदा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणजे दंडाची भीती घालून तो माणूस जे काम करून गेला, तेच मुळात गुन्ह्यात बसणारं. मीटरच्या पुढचं, मेन स्विचपासून घरातलं काम आपलं. ते लायसन्स असलेल्या कंत्राटदाराकडून करून घ्या, लायसन्स नंबर पावतीवर लिहायला लावा. बिलावर ‘मंजूर भार’ (घराला एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे ते) छापलेला असतो. एसी घेतला असेल तर तोही एकदा बघा, कमी असेल तर वाढवायला अर्ज करा.

आईने सील प्रकरणाचा खुलासा लेखी दिला. वायरचा तुकडा, तो टाय आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट सोबत जोडला. नवा मीटर बसला, वायरच्या टोकाला लग (जोड घट्ट बसवणारी धातूची टोपी) दाबून बसवला. पोलिसांत अर्ज दिलाय, त्या माणसाचा फोन मात्र बंद येतो. कागदावर दाखवता येतात ते फक्त 4,500. बाकीचे दहा हजार रोख असल्याने त्यांचा आमच्याकडे काहीच पुरावा नाही.